बगीच्यातला एकर विकून ट्रक घ्यावा का?

वरूड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 32, घरी चार एकर संत्र्याचा बगीचा, लग्न झालेलं, एक मुलगी. सहा वर्षांपासून ते पिकअप चालवतात: बगीच्यातून मंडीत, कधी नागपूरला कळमना बाजारापर्यंत. आता त्यांना स्वतःचा दहा चाकी ट्रक घेऊन संत्रा बांगलादेशात न्यायचा आहे. शोरूमवाल्यानं बॉडी, विमा, नोंदणी धरून 38 लाखांचा आकडा दिला आहे. एक एकर बगीचा विकला की 10 लाख हाती येतील, उरलेल्या 28 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी मिळतं आहे. ओळखीचा दलाल म्हणतो, बॉर्डरच्या एका खेपेला 90 हजार भाडं, महिन्यात चार खेपा आरामात होतात. डिझेल, टोल, हप्ता जाऊन दीड लाख कुठे गेले नाहीत. वडील म्हणतात, पाणी तसंही आटत चाललं, एक एकर गेला तर गेला. बायको म्हणते, "महिन्यातले वीस दिवस तुम्ही बाहेर, तर बगीचा कोण पाहील? अन् पावसाळ्यात ट्रक काय खाईल?" त्यांचा प्रश्न आहे, एकर विकू की नको, आणि ट्रक ढाक्यापर्यंत नेता येतो का?

भाऊ,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी. नाही, ढाक्यापर्यंत जाता येत नाही. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान या चार देशांनी 2015 च्या जूनमध्ये थिंफूला वाहन कराराची सही केली खरी, पण त्या करारावर आपल्या गावचा ट्रक सरळ ढाक्याच्या फळबाजारात जाऊन उभा राहील अशी सोय अजून झालेली नाही. प्रत्यक्षात काय होतं, तर तुमची गाडी पश्चिम बंगालमधल्या बनगावजवळच्या पेट्रापोल नाक्यावर पोचते, तिथं कस्टमचे कागद होतात, चालकाला कार पास (पलीकडे जायची परवानगी) मिळतो, गाडी झिरो पॉइंट म्हणजे सरहद्दीची रेघ ओलांडून पलीकडे बेनापोलच्या यार्डात जाते, माल तिथं उतरतो आणि पुढे बांगलादेशी गाडीत चढतो. तुम्ही रिकामे परत. सरहद्दीपलीकडचं तुमचं ड्रायव्हिंग म्हणजे एक यार्ड. नेपाळचं तसं नाही. रक्सौल किंवा सोनौलीहून भन्सारची (नेपाळी कस्टमची) रोजाप्रमाणे फी भरून भारतीय ट्रक आत जाऊ शकतो. पण तुमचं पत्र बेनापोलचं आहे, तर त्याचंच बोलू.

दलालानं दिलेला हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तो त्याच्या बाजूनं बरोबर आहे. 90 हजार गुणिले चार, तीन लाख साठ. त्यातून डिझेल एक लाख वीस, टोल अठ्ठावीस, हप्ता एकसष्ट, उरले दीड लाखाच्या घरात. बेरीज-वजाबाकीत खोट नाही. खोट अशी की यातलं डिझेल अन् टोल फक्त जायचं आहे. गाडी परत यायची आहे हे त्यात नाहीच.

वरूड ते पेट्रापोल साधारण 1,300 किलोमीटर. नागपूर, भंडारा, देवरी, रायपूर, संबलपूर, केऊंझर, बहारागोडा, खरगपूर, मग कोलकात्याला वळसा घालून बारासात आणि शेवटी जेसोर रोड. शेवटचा बारासात-बनगाव टप्पा जुन्या झाडांच्या रांगेतला अरुंद रस्ता आहे. नकाशावर तो 60 किलोमीटर दिसतो म्हणून दीड तासात संपेल असं धरू नका. त्यात कोलकात्याच्या आसपास जड वाहनांना बंदीच्या वेळा असतात. दोन चालक असतील तर तीन दिवस. एकट्यानं, रात्री झोपून, चार दिवस. भरायला एक दिवस. बॉर्डरवर उभं राहणं एक दिवस असू शकतं, आठही असू शकतात, चार धरू. बेनापोलहून रिकामं निघून हावडा-डानकुनीकडे परतीचा माल शोधायला दोन दिवस. भरून परत यायला चार. एकूण चौदा दिवस. म्हणजे महिन्यात दोन फेऱ्या. चार फेऱ्या त्या ट्रकच्या होतात ज्याला कोणीच कुठं थांबवत नाही, आणि तसा ट्रक या लाइनीवर नाही.

आता त्याच आकड्यांवर पूर्ण महिना मांडू. भरलेली दहा चाकी लिटरला चारच्या आसपास देते. जाणं-येणं 2,600 किलोमीटर, 650 लिटर, डिझेल 92 रुपये धरलं तर एका फेरीचे जवळपास 60 हजार. दोन फेऱ्यांचे 1 लाख 20 हजार. बीएस-6 गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) लागतं, डिझेलच्या साधारण पाच टक्के. महिन्याचे 4 हजार. टोल एका बाजूला 7 हजार धरला आहे, दोन फेऱ्यांचे 28 हजार. (खरा आकडा या लाइनीवर चालणाऱ्या कोणाच्याही फास्टॅग स्टेटमेंटमध्ये मिळतो, तो मागून पाहा.) दलाली 10 हजार. जोडीचा चालक आणि दोघांची खोराकी 25 हजार. टायर हा बहुतेकांच्या हिशेबात नसतोच, कारण तो दर महिन्याला पैसे मागत नाही. दहा टायरचा जोड दोन लाख चाळीस हजार आणि चाल 80 हजार किलोमीटर धरली तर किलोमीटरला 3 रुपये; 5,200 किलोमीटरचे 15,600. ऑइल, फिल्टर, ग्रीस, ब्रेक लायनर यांना किलोमीटरला एक रुपया. हमाली, ताडपत्री-रस्सा, पार्किंग, वाटेतली चिरीमिरी 12 हजार. विमा, नॅशनल परमिट, रोड टॅक्स, फिटनेस वर्षभराचे बारा भाग करून महिन्याला 10 हजार. वर हप्ता 61 हजार. बेरीज 2 लाख 90 हजारांच्या पुढे.

जमेत काय? जायचे 90 हजार दोनदा, आणि परतीचं भाडं 50 हजार मिळालं असं धरून तेही दोनदा. 2 लाख 80 हजार. म्हणजे ऐन हंगामात, परतीचा माल मिळूनही, तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर बसून, एक रुपया पगार न घेता, दहा हजारांनी खाली.

आता बॉर्डरवर चारऐवजी एक दिवस आणि कोलकात्यात दोनऐवजी एक दिवस धरा. फेरी दहा दिवसांची होते, महिन्यात तीन बसतात, आणि त्याच दरांनी तीसेक हजार उरतात. गाडी तीच, डिझेल तेच, भाडं तेच. सगळा फरक उभ्या दिवसांचा. जोडीचा चालक आणि खोराकी, हप्ता आणि विमा-परमिट मिळून 96 हजार महिना आहे. तीसनं भागा, 3,200 रुपये रोज. तुमची गाडी बनगावच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करून उभी असते तेव्हाही ती रोज 3,200 खाते. आकडे तुमचे वेगळे निघतील, पण हा एक आकडा काढल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका. हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याची भरपाई, किती मागायची हेही त्यावरच ठरतं. 1,500 रुपये रोज हॉल्टिंग देतो म्हणणारा व्यापारी तुमच्यावर मेहरबानी करत नाही, त्याच्या उशिराचा अर्धा खर्च तुमच्यावर टाकतो.

आणखी एक गोष्ट 90 हजारांत दडलेली आहे. तो आकडा 18 टनांवर किलोला 5 रुपयांनी काढलेला दिसतो. दहा चाकीचं पासिंग, म्हणजे मालासकट परवानगी असलेलं एकूण वजन, 28 टन, रिकामी गाडी बॉडीसह साडेनऊच्या आसपास, म्हणजे भरता येतात जेमतेम साडेअठरा. संत्रा जातो क्रेटमध्ये. एका क्रेटमध्ये 20 किलो फळ, आणि क्रेटचं स्वतःचं वजन पावणेदोन-दोन किलो. 825 क्रेट भरल्या तर फळ साडेसोळा टन अन् प्लॅस्टिक दीड टन, झाले अठरा. व्यापारी भाडं फळाच्या किलोवर देत असेल तर ते 82,500 होतं, 90 नाही. महिन्याला पंधरा हजार इथंच गेले. भाडं ठरवताना विचारा: दर फळावर, एकूण वजनावर, की गाडीवर ठोक? रिकाम्या क्रेट परत आणायच्या का? आणायच्या असतील तर परतीच्या मालाची जागा त्या अडवतात, त्याचं भाडं वेगळं.

मग दलाल सुचवेल, दोन टन जास्त भरू. दोन टनांचे 10 हजार जास्त मिळतील. ओव्हरलोडचा दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर 20 हजार, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, म्हणजे 24 हजार. शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. संत्रा ऊन्हात रस्त्याकडेला उतरवून ठेवायचा, हे तुम्ही बगीचेवाले आहात, तुम्हाला समजावायची गरज नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पासिंग आणि प्रत्यक्ष वजन हेच आधी पाहते.

इथवर फक्त ट्रकचं बोललो. पण तुमच्या पत्रात मला जास्त खटकलं ते वेगळंच. ट्रककडे तुम्ही बगीच्याला पर्याय म्हणून पाहता आहात. भाव पडले, फळगळ झाली, पाणी आटलं, तर ट्रक घर चालवेल. पण ट्रकमध्ये भरणार काय? तोच संत्रा. कोणत्या दारातून? ज्या दारावर वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा भाव ठरतो, त्याच.

बांगलादेशनं 2019 नंतर संत्र्यावरचं आयात शुल्क जवळपास दरवर्षी वाढवलं, 2023 पर्यंत ते चौपटीच्या पुढे गेलं. निर्यात बसली, माल इथंच साचला, भाव कोसळले. राज्य सरकारनं 2023 च्या डिसेंबरात शुल्काच्या निम्म्या रकमेचं अनुदान जाहीर केलं ते निर्यातदारांसाठी. ट्रकवाल्यासाठी त्यात काही नव्हतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथलं सरकार पडलं तेव्हा पेट्रापोलचा व्यवहार काही दिवस ठप्प होता. 2025 च्या एप्रिलमध्ये बांगलादेशनं जमिनीवरच्या नाक्यांतून सुताची आयात बंद केली, म्हणजे संत्रा नसेल तर सूत भरू हाही रस्ता अडला. असा एक निर्णय ढाक्यात होतो तेव्हा तुमच्या उरलेल्या तीन एकरांचा भाव आणि ट्रकचं भाडं एकाच दिवशी खाली येतं. बाजूच्या ज्या माणसाकडे बगीचा नाही, त्यानं हा ट्रक घेणं आणि तुम्ही घेणं यात म्हणून फरक आहे. तुमच्यासाठी ही जोखीम वाटली जात नाही, दुप्पट होते.

त्यातही हंगाम किती? आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारी-मार्च, फार तर एप्रिलपर्यंत. वर्षातले सहा महिने, तेही दोन तुकड्यांत. वहिनींनी विचारलेला पावसाळ्याचा प्रश्न हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. तुम्ही तो "ती घाबरते" असं लिहून बाजूला ठेवला आहे. तो भीतीचा नाही, हिशेबाचा आहे.

एका एकराबद्दलही थोडं. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या एकरात 110 च्या आसपास झाडं असतात. तुमची झाडं किती वर्षांची, त्या एकराला पाणी कोणत्या बोअरचं, आणि गेल्या तीन बहारांत त्या एकरानं खर्च जाऊन नेमकं काय दिलं, हे पत्रात नाही. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेले ते सगळ्यांना माहीत आहे, वडिलांची निराशा खोटी नाही. पण झाडं वाळत चाललेला कोपरा विकणं वेगळं आणि ऐन भरातला एकर विकणं वेगळं. वाळत चाललेल्या एकराला 10 लाख कोणी देत नाही. ज्या एकराला गिऱ्हाईक आहे, तो बहुधा तुमचा सगळ्यात चांगला एकर असणार.

माझं मत स्पष्ट सांगतो. या वर्षी एकर विकू नका आणि नवा ट्रक घेऊ नका. ट्रकचा विचार मात्र सोडू नका, कारण सहा वर्षं पिकअप चालवून, मंडी अन् व्यापारी दोन्ही ओळखून तुम्ही जे कमावलं आहे ते नव्या माणसाकडे नसतं. फक्त क्रम बदला.

पहिलं काम लायसन्स. तुमच्याकडे हलक्या वाहनाचं आहे; ते एक वर्ष जुनं असलं की ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करता येतो. मोटार ट्रेनिंग स्कूलचं फॉर्म 5 चं प्रमाणपत्र आणि डॉक्टरचं फॉर्म 1-ए चं प्रमाणपत्र लागतं. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. जड वाहनाचं लायसन्स पाच वर्षं चालतं. पिकअप चालवता येते म्हणून दहा चाकी येते असं नाही. देवरीच्या पुढे घाटात भरलेली गाडी ब्रेकवर उतरवली तर ड्रम तापतात आणि ब्रेक सुटतात. ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक लावून उतरवायची. हे स्कूलमध्ये कोणी शिकवत नाही.

म्हणून दुसरं काम, येणारा आंबिया बहार दुसऱ्याच्या गाडीवर जोडीचा चालक म्हणून काढा. ऑक्टोबर ते डिसेंबर. पगार मिळेल, वर या लाइनीचा अभ्यास. प्रत्येक फेरीत चारच गोष्टी लिहून ठेवा: गाडी किती दिवस चालली, किती दिवस उभी राहिली अन् कुठं, परतीला काय माल कोणत्या दरानं मिळाला, आणि बाकी पैसे किती दिवसांनी हाती आले. चौथी गोष्ट विसरू नका. भरताना सत्तर-ऐंशी टक्के अॅडव्हान्स मिळतो, उरलेले पोच (माल पोचल्याची पावती) दाखवल्यावर. आणि पोच दाखवल्यावर खरी बोलणी सुरू होतात: माल डागी निघाला, वजन घटलं, उशीर झाला, इतके कापले. बॉर्डरवर आठ दिवस अडकलेला संत्रा डागी निघणारच. नागपुरी संत्र्याची साल सैल, दाबला की तेल सुटतं, तिथून बुरशी. दोष रांगेचा, कापणी ट्रकवाल्याच्या भाड्यातून.

हे टाळायला गाडी भरतानाच बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) काही गोष्टी लिहून घ्यायच्या असतात. नाशवंत माल, मालकाच्या जोखमीवर. बॉर्डरवर पोचल्यापासून 48 तासांनंतर हॉल्टिंग इतके रुपये रोज. पेट्रापोलला स्लॉट पश्चिम बंगाल सरकारच्या 'सुविधा' पोर्टलवरून घ्यावा लागतो. तो कोण घेणार, त्याची फी कोणाची, आणि स्लॉटची तारीख गाडी भरण्याआधी हातात आहे का? स्लॉट नसताना भरलेली गाडी म्हणजे रांगेत उभं राहायला निघालेली गाडी. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, फायटोसॅनिटरी (फळात कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र ही कामं निर्यातदाराच्या कस्टम एजंटची, तुमची नाहीत. पण त्यातला एक कागद कमी असला की उभे तुम्ही राहता. म्हणून वरूड सोडण्याआधी एजंटचा नंबर घ्या आणि त्यालाच फोन करून विचारा, दलालाला नाही. पोचल्याची वेळ दाखवणारी पार्किंगची पावती जपा, हॉल्टिंगच्या भांडणात तोच पुरावा. ताज्या फळांना ई-वे बिल लागत नाही, पण परतीला लोखंड किंवा बारदाना भरला तर लागतं, आणि दर 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं त्याची मुदत संपते. वाटेत गाडी बिघडली तर मुदत वाढवून घ्यायला माल पाठवणाऱ्याला तेव्हाच सांगा, नाक्यावर पकडल्यावर नाही.

विम्याचं एक फार कमी लोक पाहतात. पॉलिसीचं क्षेत्र भारतापुरतं असतं. बेनापोलच्या यार्डात कोणी मागं घेताना गाडी घासली तर ते भारताबाहेर झालं. बांगलादेश, नेपाळसाठी क्षेत्रवाढीची पुरवणी मिळते, थोडा जादा हप्ता भरून. मागितली तरच मिळते. पगारी चालक आणि क्लीनरची जबाबदारीही पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते. दहा चाकीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच 44 हजारांच्या आसपास आहे, त्यामुळे माणसं बाकीचं वाचवायला जातात अन् नेमकं हेच गाळतात.

बहार संपल्यावर वहीत आलेलं पाहूनही मन ट्रककडेच असेल तर जुनी गाडी पाहा. पाच-सहा वर्षांची, कर्ज तीन वर्षांपेक्षा जास्त नाही, डाउन पेमेंट बचतीतून आणि पिकअप विकून. हप्ता निम्म्यावर आला की तो रोजचा 3,200 चा आकडाही उतरतो, आणि पावसाळ्यात गाडी आठ दिवस उभी राहिली तरी झोप उडत नाही. जुन्या गाडीचा देखभाल खर्च जास्त, हे खरं. त्यासाठी एक लाख वेगळे ठेवूनच सौदा करा. बीएस-4 आणि बीएस-6 या दोन्हींतून निवड असेल तर घाई करू नका. बीएस-6 मध्ये डीईएफ अन् एक्झॉस्ट फिल्टरची भानगड आहे, स्वस्त डीईएफ भरलेल्या गाडीचे सेन्सर आणि इंजेक्टर खडे धरून बसलेले असतात, आणि मग गाडी चढावर दमच धरत नाही. विकणाऱ्याला फक्त सकाळी, थंड इंजिनवर गाडी दाखवायला सांगा. गरम करून ठेवलेली गाडी धूर लपवते. ऑइलचं झाकण उघडून पाहा, आतून जोरात धाप टाकत असेल तर रिंगा गेल्या. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला वेल्डिंगचे डाग असतील तर ती गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चालली आहे, सोडून द्या. टायरची नक्षी छान दिसते म्हणून भुलू नका, कडेला हात फिरवून रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) आहे का ते पाहा.

कागदांत पाहायचं ते असं: चेसिस नंबर स्वतः खडूनं घासून आरसीशी जुळवा. फायनान्सचं नाव उतरलं आहे का, त्यासाठी फॉर्म 35 आणि फायनान्सची एनओसी. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, फॉर्म 28. रोड टॅक्स कधीपर्यंत, फिटनेस कधीपर्यंत, ई-चलान किती थकलेली आहेत. चलान गाडीबरोबर येतात, माणसाबरोबर जात नाहीत. नॅशनल परमिटची वयोमर्यादा सहा चाकीला बारा वर्षं, मल्टिअॅक्सलला (दोनपेक्षा जास्त अॅक्सलच्या गाडीला) पंधरा, म्हणून नऊ वर्षांची सहा चाकी स्वस्तात मिळते तेव्हा ती स्वस्त नसते. आणि आरसीवरचं पासिंग वाचा. 2018 मध्ये अॅक्सलची वजनमर्यादा वाढली, पण त्याआधीच्या गाडीच्या आरसीवर जुना 25 टनांचा आकडा असू शकतो. दलाल 28 सांगेल, काट्यावरचा माणूस आरसी पाहील.

आणि गाडी घेतली की तिला बॉर्डरची गाडी म्हणू नका. नागपूर तुमच्यापासून शंभर किलोमीटरवर आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्ही महामार्ग तिथं एकमेकांना छेदतात. वाडी आणि कापशीला रोज गाड्या भरतात. हिंगणघाट-वणीच्या जिनिंगमधून रुईच्या गठाणी दक्षिणेला जातात, गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ, चंद्रपूरकडचं सिमेंट, सोयाबीनची ढेप. भाडं बॉर्डरपेक्षा कमी दिसेल, पण गाडी चौथ्या दिवशी रिकामी होते आणि परतीला माल असतो. सिमेंट-कोळशात पैसे उशिरा येतात आणि गाडी झिजते, म्हणून माझ्या पसंतीत गठाणी अन् तांदूळ वर. संत्र्याची बॉर्डरची खेप दर चांगला, स्लॉट हातात आणि हॉल्टिंग लिहून मिळालं तरच घ्यायची. नाहीतर तोच संत्रा हैदराबाद, बेंगळुरू, दिल्लीलाही जातो.

कराचं थोडक्यात. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाला आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: जड गाडीला पासिंगच्या दर टनामागे महिन्याला 1,000 रुपये उत्पन्न धरतात. 28 टनांच्या गाडीचे वर्षाला 3 लाख 36 हजार. ट्रान्सपोर्टवाल्याला पॅन आणि तसं लेखी दिलं तर तो टीडीएस कापत नाही. पहिल्या वर्षापासून रिटर्न भरा, पुढचं कर्ज त्याच कागदावर मिळतं आणि व्याजही कमी लागतं. व्याज परतावा देणाऱ्या महामंडळांच्या योजनेत तुम्ही बसता का, हे गाडी बुक करण्याआधी विचारा. कर्ज मंजूर झाल्यावर विचारलं तर बहुतेक ठिकाणी उशीर झालेला असतो.

वडिलांना या वर्षी एकच सांगा, एकर पुढच्या वर्षीही विकता येईल. वहिनींशी बोलताना मात्र "मी ठरवलं" इथून सुरू करू नका. तुम्ही बाहेर असाल तेव्हा बगीच्याची फवारणी, ओलित, मजूर त्यांच्यावरच येणार आहे, म्हणजे ट्रकमध्ये त्यांचीही भागीदारी आहे. फास्टॅगचा मेसेज, डिझेलची पावती, अॅडव्हान्स, बाकी, सगळं ज्या वहीत उतरेल ती त्यांच्याकडे ठेवा. मृगाचा माल निघाला की, मार्चच्या शेवटी, दोघं बसून ती वही उघडा. दर फेरीला उभे दिवस सरासरी चारच्या वर असतील तर बॉर्डरची लाइन तुमच्यासाठी नाही, नागपूरची पाहा. दोनच्या आत असतील आणि बाकी पंधरा दिवसांत हाती येत असेल, तर जुन्या गाडीसाठी फायनान्सवाल्याकडे जायला हरकत नाही.